पहिली बंदूक : ठासणीची की बारा बोअर? (डुक्कर, भेकर आणि सातबारा)

मांगरवाला
११ ऑगस्ट, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो. आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

देवगड तालुक्यात, वाघोटन खाडीच्या वरच्या अंगाला आमची पावणेतीन एकर आहे. खाली भात, वर सड्याकडे नाचणी, कडेने हापूसची चाळीस कलमं आणि थोडे काजू. गेल्या शनिवारी रात्री डुकरं उतरली. सकाळी जाऊन बघतो तर तीन कुणगे (भाताचे तुकडे) नांगर फिरवल्यासारखे. लावणी होऊन पंधरा दिवस झालेले, सगळं रोप आडवं, मधोमध लोळून केलेली डबकी. परसातला सुरण तर असा उकरलाय की मला कुदळीने जमला नसता. गेल्या वर्षी राखणेला मांगरात (शेतातल्या खोपीत) झोपत होतो, डबे वाजवत होतो, फटाके लावत होतो. पहिले चार दिवस पळाली, पाचव्या दिवशी त्यांनी ओळखलं की याच्याकडे आवाजाशिवाय काही नाही.

तर बंदूक घ्यायची ठरवलीय. आयुष्यात कधी चालवलेली नाही. बाबांकडे ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) आहे, १९८८ पासूनचा परवाना. बाबा आता ७३ वर्षांचे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, चार वर्षांत त्यांनी तिला हात लावलेला नाही. मला वाटतं सरळ नवी काडतुसाची बारा बोअर दुनळी घ्यावी. बरोबर आहे का? परवाना मिळायला किती फेऱ्या? आणि चवळीचे शेंडे खाणारं एक भेकर आहे, त्याच्यासाठी वेगळं काडतूस लागतं का?

---

सोलकढी
११ ऑगस्ट, रात्री ११:०२

वाचतोय. (सातबारा आणि डुक्कर एका शीर्षकात बघून वाटलं कोणाच्या तरी वाटणीचा धागा आहे.)

---

तिरफळ
११ ऑगस्ट, रात्री ११:२५

अरे बाबा, डुकर काय तुझ्या परवान्याची वाट बघीत बसणा नाय. तरी पण घाई करू नको. माझ्या आज्याकडे ठासणीची होती. मिरगात तिचो बार उडलो तर उडलो, नायतर नुसती केप (दारू पेटवणारी टिकली) फुटायची, 'टक्'. डुकर मान वर करून बघायचो, आणि परत सुरण खायचो. आजो म्हणायचो, "ह्येका माजी लाज पण वाटणा नाय."

बंदूक घेवची सोपी. सांभाळूची कठीण.

---

निवृत्त हवालदार
१२ ऑगस्ट, सकाळी ७:१०

धागाकर्त्यास, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात महागात तोच पडेल. भेकराचं नाव बंदुकीच्या संदर्भात काढू नका. भेकर, सांबर, पिसोरी, यातलं काहीही मारणं म्हणजे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा. प्राणी पहिल्या अनुसूचीतला निघाला तर शिक्षा किमान तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत आहे. पूर्वी काही प्राण्यांच्या शिकारीचे रीतसर परवाने मिळत, आमच्या साहेबांच्या वेळेला मिळत होते. १९९१ च्या दुरुस्तीने ते दार बंद झालं. हौसेची शिकार हा प्रकार या देशात कायद्याने उरलेला नाही.

आता डुक्कर. शेताचं नुकसान करणारं रानडुक्कर मारायला परवानगी मिळू शकते, पण ती वनखात्याकडून. आपल्या राज्यात २०१५ च्या शासन निर्णयाने रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) या दोघांसाठी ती सोय केली. अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे द्यायचा आणि पोच घ्यायची. बंदुकीचा परवाना वेगळा, डुकराची परवानगी वेगळी. नव्वद टक्के लोक इथेच गफलत करतात. बंदूक रीतसर आहे म्हणून डुक्कर पाडतात आणि मग म्हणतात, "साहेब, लायसन आहे ना."

आणि पाडलेलं डुक्कर तुमचं नाही. ते सरकारचं. पंचनामा होतो, मग खात्याच्या माणसांसमोर विल्हेवाट. मटण विसरा.

आता बंदूक. शस्त्र कायदा १९५९ चा आहे. त्याच्या कलम १३ मध्ये पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक असंच लिहिलंय. ठासणीची पुरेशी नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते, नळी किमान वीस इंच हवी. म्हणजे बारा बोअर मिळूच शकत नाही असं नाही, पण का हवी ते तुम्ही पटवून द्यायचं. "नवी बरी दिसते" हे कारण चालत नाही. नुकसानीचे पंचनामे, तलाठ्याचा दाखला, सातबारा, हे सगळं जोडा. गेल्या वर्षीच्या नुकसानीचा पंचनामा केला होतात का? नसेल तर उद्याच वनरक्षकाला बोलवा, कुणगे सारखे करायच्या आधी.

आणखी एक. वडिलांचा परवाना १९८८ चा म्हणजे २५ वर्षं कधीच उलटली, वयही सत्तरीच्या वर. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे या दोन्हींपैकी एक असलं तरी वडिलांच्या हयातीत ती बंदूक कायदेशीर वारसाच्या नावावर करायला अर्ज करता येतो. माणूस गेल्यावर बंदूक जमा करा, वारसांच्या सह्या आणा, बहिणींची संमती आणा, यात दोन-दोन वर्षं जातात. आधी ते करा.

---

मांगरवाला
१२ ऑगस्ट, दुपारी १:३०

हवालदारसाहेब, हात जोडून आभार. भेकराचा प्रश्न मागे घेतला. पंचनामा केलेला नाही, दोन कुणगे काल दुरुस्तही केले. तिसरा तसाच ठेवलाय.

बाबांना विचारलं, "माझ्या नावावर करू का?" तर म्हणाले, "मी मेलंय काय अजून?" संध्याकाळी परत विचारतो.

---

सुकट
१२ ऑगस्ट, दुपारी २:१५

एवढे कागद कोण करतो? आमच्याकडे रात्री चार जण जातात, सकाळी वाटे होतात. वनखातं पण…

[प्रतिसादाचा पुढचा भाग उडवला आहे. बेकायदा शिकार, फासकी, गावठी बॉम्ब, तारेत थेट वीज सोडणं यांबद्दलची माहिती इथे चालणार नाही. धाग्याचा विषय चांगला आहे, तो बंद करायला लावू नका. – संपादक]

---

निवृत्त हवालदार
१२ ऑगस्ट, दुपारी ४:५०

सुकट यांना एवढंच सांगतो. मी नोकरीत असताना अशा 'चार जणां'पैकी एकाला शवविच्छेदनाला नेलंय. झुडूप हललं, समोरून कोण येतंय हे न बघता चाप ओढला. मारणारा त्याचा सख्खा मेहुणा. डुकराच्या केसपेक्षा ती केस लांबली, आणि दोन घरांचं येणं-जाणं कायमचं तुटलं. फासकी डुकरासाठी लावतात आणि अडकतो बिबट्या, हे तर वर्तमानपत्रात तुम्हीही वाचत असाल.

---

सड्यावरची
१२ ऑगस्ट, रात्री ९:२०

मी राजापूर तालुक्यातली. परवाना माझ्याच नावावर आहे, एकनळी बारा बोअर, सासऱ्यांकडून आलेली. बाईमाणसाच्या हातात बंदूक बघून लोक अजून फोटो मागतात, ते असो.

मांगरवाले, दुनळी की एकनळी, ठासणीची की काडतुसाची यावर पुरुष मंडळी तासभर बोलतील. ती बंदूक तुमच्या अंगाला बसते का, हे कोणी विचारणार नाही. माझ्या सासऱ्यांची उंची सहा फूट, माझी पाच फूट एक इंच. त्यांच्या मापाचा दस्ता माझ्या काखेत अडकायचा. नीट टेकवायला मान पुढे ताणावी लागायची, गाल दस्त्यावर बसायचा नाही, माशी (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा ठिपका) दिसायची तर नळी दिसायची नाही. पहिला बार काढला तेव्हा खांद्याऐवजी दंडावर धक्का बसला आणि आठ दिवस हात काळानिळा. त्यानंतर वर्षभर मी चाप ओढायच्या आधी डोळे मिटत होते. मिटतेय हे मला कळतही नव्हतं. प्रशिक्षण देणाऱ्या माणसाने एकदा मला न सांगता रिकामं काडतूस घातलं. मी चाप ओढला, बार झाला नाही, तरी नळी वीतभर खाली गेली आणि डोळे गच्च मिटलेले. तेव्हा कळलं. दस्ता दीड इंच कापून घेतला, मागे रबर बसवलं, मग सुधारलं.

दुकानात गेलात की बंदूक रिकामी आहे हे आधी स्वतः उघडून बघा. मग डोळे मिटा, बंदूक खांद्याला लावा आणि डोळे उघडा. माशी सरळ समोर दिसली तर ती तुमची. डोकं हलवून शोधावी लागली तर दुसरी बघा.

आता खरं सांगू? गेल्या तीन वर्षांत मी डुकरावर एकही बार काढलेला नाही. झटका मशीन लावलं, सौर पॅनलवालं. खालची तार जमिनीपासून वीतभर, वरच्या दोन त्याच्या वर. तारेखालचं गवत पंधरा दिवसांनी कापावंच लागतं, पावसात गवत तारेला टेकलं की झटका जमिनीत जातो आणि डुकरं आरामात आत. पण गवत कापणं हे राखणेला जागण्यापेक्षा बरं.

---

तिरफळ
१२ ऑगस्ट, रात्री ९:४५

ताई, +१. झटको माका पण बसलोहा, डुकराक सोडून.

---

एडिसनचा मालवणी
१३ ऑगस्ट, पहाटे ५:३० (तुमच्याकडची)

मूळ गाव मालवण, मुक्काम न्यू जर्सी. धागा वाचून राहवलं नाही. थोडं अवांतर होईल, पण शीर्षकातल्या 'पहिली बंदूक'शी संबंध आहे.

इथे हरणांची शिकार कायदेशीर आहे, आणि सहा हंगाम मी ती करतोय. इथलं हरीण म्हणजे पांढऱ्या शेपटीचं. माणसांच्या वस्तीत शिरून घरामागची बाग खातं, गाड्यांना धडकतं. त्याला खाणारे लांडगे इथून कधीच संपले. त्यामुळे संख्या आटोक्यात ठेवायचं काम सरकार शिकाऱ्यांवर सोपवतं, हंगाम ठरवून, किती मारायची ते ठरवून. हे मुद्दाम लिहितोय, म्हणजे "अमेरिकेत चालतं मग आपल्याकडे का नाही" असं कोणी सुरू करायला नको. तुमच्याकडे भेकराला खायला बिबट्या आहे.

बंदूक घ्यायच्या आधी इथेही कागद आहेतच. नव्या शिकाऱ्याला शिकारीचं शिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते. न्यू जर्सीत लांब नळीची बंदूक विकत घ्यायलाही पोलिसांकडून ओळखपत्र लागतं. व्हिसावर असलेल्यांसाठी केंद्राचा कायदा म्हणजे बंदूक बाळगायचीच नाही, पण वैध शिकार परवाना असला तर त्याला अपवाद. मी हे सगळं ग्रीन कार्ड आल्यावर केलं. बायको म्हणाली, "कार्ड मिळालं, आता काय बंदूकच घेणार का?" मी म्हटलं, हो.

पेनसिल्व्हेनियातले मित्र रायफल वापरतात. त्यांचं ऐकून मी महिनाभर .२४३ चांगली की .३०८, की .३०-०६, या काडतुसांच्या मापांवर व्हिडिओ बघत बसलो. मग कळलं की न्यू जर्सीत हरणासाठी नेहमीची काडतुसाची रायफल चालतच नाही. वस्ती दाट, गोळी लांब जाते. इथे शॉटगन (गुळगुळीत नळीची), ठासणीची किंवा धनुष्यबाण. महिना फुकट! म्हणून म्हणतो, आधी नियम वाचा, मग बंदुकीचे व्हिडिओ.

(ज्यांचे नातेवाईक रायफलच्या राज्यांत आहेत त्यांच्यासाठी दोन ओळी. नवशिक्याला .२४३ चा धक्का कमी, हरणाला पुरते. .३०८ चं काडतूस कुठल्याही गावात मिळतं, धक्का थोडा जास्त. .३०-०६ उत्तम, पण हरणासाठी आणि पहिल्या बंदुकीसाठी गरजेपेक्षा जास्त. साधी बोल्ट ॲक्शन घ्या, वाचलेले पैसे दुर्बिणीत आणि सरावाच्या काडतुसांत घाला.)

शेवटी मी बारा गेजची पंप ॲक्शन (पुढची मूठ मागे-पुढे ओढून काडतूस भरायची) घेतली, कारण दुकानातल्या सगळ्यांनी तीच सांगितली. सड्यावरची ताईंनी लिहिलंय तेच माझं झालं. मोठ्या गोळीचं काडतूस म्हणजे गाढवाची लाथ. पहिल्या हंगामात पन्नास पावलांवर उभं हरीण चुकलं, कारण मी चाप ओढायच्या आधीच दचकत होतो. दुसऱ्या वर्षी ती विकून वीस गेज घेतली, हलकी, दुर्बीण लावलेली. तेव्हापासून एका हंगामात एकच काडतूस लागलं असंही झालंय.

आणि गंमत बघा. इथे डिसेंबरात ठासणीच्या बंदुकीचा खास हंगाम असतो. मी ती पण घेतलीय. इकडची ठासणीची म्हणजे स्टेनलेस नळी, दुर्बीण, पण शेवटी तेच, दारू घाला, गोळी ठासा, केप लावा, एकच बार. माझ्या पणजोबांची मालवणच्या घरात आढ्याला टांगलेली असायची. आजीला फोनवर सांगितलं, मी ठासणीची घेतली. आजी म्हणाली, "इतक्या लांब जाऊन तुका तीच मिळाली?"

---

सोलकढी
१३ ऑगस्ट, सकाळी ८:०५

आजी रॉक्स.

ते बारा बोअर, वीस गेज या आकड्यांचा अर्थ कोणी सांगेल का? वीस मोठी की बारा?

---

एडिसनचा मालवणी
१३ ऑगस्ट, संध्याकाळी ६:१०

उलटा हिशोब आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती बारा बोअर. वीस केल्या तर गोळी लहान, म्हणून वीसची नळी बारीक. बाराचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर, विसाचा साडेपंधराच्या आसपास. बोअर आणि गेज एकच.

---

निवृत्त हवालदार
१४ ऑगस्ट, सकाळी ६:४५

पहिल्यांदाच बंदूक घेणाऱ्यासाठी माझं मत, वाद घालायचा असेल तर घाला.

ठासणीचीचा तोटा म्हणजे एक बार, मग परत भरायला मिनिटभर तरी जातं, अंधारात आणि घाबरलेल्या हाताने त्याहून जास्त. आपल्या पावसात दारू सादळते. केप फुटते आणि बार लगेच उडत नाही, दोन-तीन सेकंदांनी उडतो. 'काय झालं' म्हणून नळीत डोकावणारे मी बघितलेत. केप फुटून बार नाही उडला तर नळी तशीच समोर, मोकळ्या बाजूला धरून निदान मिनिटभर थांबायचं. आणि काडतूस फोडून त्यातली दारू ठासणीत घालणारे महाभाग गावोगाव असतात. ती दारू वेगळी, दाब वेगळा, नळी फुटून हात जातो.

काडतुसाची घेतलीत तर उघडणारी घ्या, मधून मोडणारी. एकनळी असो की दुनळी. पंप ॲक्शनचं काडतूस आत राहिलंय का ते बाहेरून दिसत नाही. मोडणारी उघडली की दहा फुटांवरच्या माणसालाही दिसतं की रिकामी आहे. बांध ओलांडताना उघडून खांद्यावर टाकली की सोबतचे निर्धास्त. जुनी विकत घेत असाल तर घराची (नळीत काडतूस बसतं त्या जागेची) लांबी बघून घ्या. जुन्या बंदुका ६५ मिलिमीटर काडतुसाच्या असतात, त्यात ७० चं काडतूस बसल्यासारखं वाटतं, पण तोंड उघडायला जागा नसते आणि दाब वाढतो. नळीवर लिहिलेलं असतं, नसेल तर आर्मररकडून (बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून) मोजून घ्या.

डुकरासाठी लोक एलजी, एसजी मागतात. मोठे छर्रे, मोजके. पंचवीस-तीस पावलांच्या पुढे ते एवढे पांगतात की एक-दोनच लागतात, आणि मोठ्या नराच्या खांद्यावरचं कातडं ढालीसारखं असतं. जखमी झालेलं डुक्कर झुडपात बसतं. सकाळी त्याच झुडपात गवताला कोण जातं? तुमची आई किंवा बायको. म्हणून लांबून बार काढायचा नाही.

आणि मागे काय आहे ते बघायचं. आपल्याकडे जांभ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं. जांभ्यावर आपटलेला छर्रा कुठे जाईल हे ब्रह्मदेवही सांगणार नाही.

---

सड्यावरची
१४ ऑगस्ट, सकाळी १०:३०

हवालदारसाहेब, गंजाचं राहिलं. खाऱ्या वाऱ्यात बंदूक वर्षभर आढ्याला टांगली की नळी आतून खरखरीत. ठासणीची असेल तर बार काढल्याच्या दिवशीच कढत पाण्याने धुवायची, कारण काळ्या दारूची राख पाणी ओढते. नळी गरम असतानाच कोरडी करायची, मग तेल. खोबरेल नको! माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर खोबरेल लावलं, थंडीत ते थिजायचं आणि घोडा (चाप ओढला की केपेवर आपटतो तो) अर्ध्यावर अडकायचा. बंदुकीचं तेल मिळतं, नाही तर शिलाई मशीनचं. आणि कापडी पिशवीत गुंडाळून ठेवू नका, कापड ओल धरतं. कुलूपबंद पेटीत, काडतुसं वेगळ्या कुलुपात.

---

काजूबी
१५ ऑगस्ट, दुपारी १२:००

मला हा सगळा प्रकारच पटत नाही. काजूच्या बागा लावायला आपणच जंगल साफ केलं, आता डुकरं खाली आली म्हणून रडतोय. रायगडातलं फणसाडचं जंगल एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं राखीव रान होतं, आज अभयारण्य आहे, तिथे सांबर बघायला लोक पैसे देऊन जातात. बंदुकीने काही सुटणार नाही.

---

मांगरवाला
१५ ऑगस्ट, रात्री ८:५०

काजूबी, तुमचं चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. पण माझ्या आजोबांनी जंगल तोडलं असेल तर त्याची शिक्षा म्हणून मी यंदा भात विकत आणून खायचा का, एवढं सांगा. नुकसानभरपाईचा अर्ज केलाय. वनरक्षक आले होते, तिसरा कुणगा बघितला, फोटो काढले. चांगला माणूस. जाताना म्हणाला, "बंदूक घ्या, पण फोन पण करा."

बाबा तयार झाले. आईने समजावलं. अट एकच घातली, ठासणीची विकायची नाही.

---

मांगरवाला
२६ नोव्हेंबर, रात्री ९:१५

धागा वर काढतोय. बऱ्याच जणांनी व्यनि (खाजगी निरोप) करून विचारलं म्हणून.

ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी, पाच फेऱ्या झाल्या. अर्ज ऑनलाईन, पण कागद हातात घेऊन जावंच लागतं. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, डॉक्टरचा दाखला, बंदूक सुरक्षित ठेवायचं हमीपत्र, पोलीस पाटलाचा जबाब, सगळं झालं. एका टेबलावरून सांगितलं की बहिणीची संमती लागेल, दुसऱ्यावरून सांगितलं नाही लागणार. मी घेऊनच गेलो होतो. बाबांची ठासणीची माझ्या नावावर झाली. बारा बोअरचा अर्ज वेगळा टाकलाय, पंचनामे जोडून. एकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, २०१९ च्या दुरुस्तीनंतर. तेवढ्यात बसतंय.

प्रशिक्षणात सड्यावरची ताईंची आठवण आली. शिकवणाऱ्याने माझ्यावरही रिकाम्या काडतुसाचा प्रयोग केला. माझे डोळे मिटले नाहीत, पण जीभ बाहेर आली. सगळे हसले.

सुरण वाचला नाही. भात अर्धं आलं.

---

तिरफळ
२६ नोव्हेंबर, रात्री ९:४०

जीभ बाहेर काढून माशी बघता, असो शिकारी पयल्यांदाच ऐकलंय.

---

मांगरवाला
१९ जानेवारी, रात्री ११:३०

बारा बोअरचा परवाना आला. कोल्हापूरला जाऊन एकनळी घेतली, मधून मोडणारी, बाहेर घोडा असलेली, ७० मिलिमीटर घराची. चार बंदुका खांद्याला लावून बघितल्या, डोळे मिटून. दुकानदाराला वाटलं नवस बोलतोय. तिसरी लावली आणि डोळे उघडले तर माशी समोर. ती महाग नव्हती, चौथी होती महाग.

झटका मशीनपण घेतलं. ताईंचा नंबर व्यनितून घेऊन त्यांच्याच माणसाकडून बसवलं. बायकोचं म्हणणं, मशीन आधी घेतलं असतं तर बंदूक लागलीच नसती. यावर धागा काढू नका.

परवा रात्री पहिल्यांदा बंदूक घेऊन मांगरात बसलो. वनखात्याची परवानगी खिशात, वनरक्षकाला कळवलेलं. दोन वाजता वरच्या रानात भेकर भुंकलं, कुत्र्यासारखं, पण एकच एक आवाज, थांबून थांबून. ते भुंकलं की खालून काहीतरी येतंय हे बाबांनी शिकवलेलं. थोड्या वेळाने सुकलेल्या पानांवर पावलं. टॉर्च मारला. सहा पिल्लं आणि मागे मादी, तारेच्या बाहेर, पंधरा पावलांवर. घोडा चढवला. मग बघितलं, तिच्या बरोबर मागे शेजाऱ्यांचा गडगा, आणि गडग्यापलीकडे त्यांच्या मांगरात दिवा. ते रात्री तिथे झोपतात हे मला माहीत होतं. घोडा अंगठ्याने धरून सावकाश उतरवला. हात थरथरत होता, थंडीने म्हणा. तेवढ्यात एका पिल्लाचं नाक तारेला लागलं, ते असं किंचाळलं की सगळा कळप खाडीच्या दिशेने.

भेकर मात्र भुंकतच होतं.

---

सड्यावरची
२० जानेवारी, सकाळी ७:००

घोडा उतरवताना नळी कुठे होती? ते लिहिलं नाहीत.

---

मांगरवाला
२० जानेवारी, सकाळी ७:४०

खाली. समोरच्या बांधाच्या मातीत. उतरवल्यावर उघडून काडतूस काढलं, मगच बसलो.

---

निवृत्त हवालदार
२० जानेवारी, सकाळी ८:१५

शाब्बास.

---

मांगरवाला
३ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:२०

शेवटचं अपडेट. निवडणूक लागली, आचारसंहिता. ठाण्यातून फोन आला, "दोन्ही बंदुका जमा करा." ठासणीचीसुद्धा. मी म्हटलं, हिच्यात दारू भरेपर्यंत मतमोजणी होईल. साहेब हसले, पण पावतीपुस्तक काढलं. छाननी समितीकडे सूट मागायचा अर्ज दिलाय, पिकाच्या राखणीचं कारण लिहून.

बारा बोअर घेऊन एकोणीस दिवस झाले होते. बार एकही काढलेला नाही.

---

तिरफळ
३ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:३५

डुकरांका कळला आसतला.

---

निवृत्त हवालदार
३ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:०५

पावतीवर दोन्ही बंदुकांचे नंबर नीट उतरवलेत का बघा. आणि जमा करण्याआधी ठासणीचीला तेल लावलं होतंत ना?

---

मांगरवाला
३ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:२०

लावलं. बाबांनी स्वतः लावलं. खोबरेल.

---

सड्यावरची
३ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:२२

देवा!